यादीतले अकरा विषय आणि मातीचा कोर्स

प्रिय ताई,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. सातवीपर्यंत नाशिकला होते, मग बाबांच्या नोकरीमुळे इकडे आलो. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर बायोलॉजी, आणि पुढे डेंटल स्कूलला जायचं पक्कं ठरवलं आहे. तिसऱ्या वर्षाचे विषय एप्रिलमध्ये नोंदवायचे आहेत आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे. मी केलेली यादी अशी: बायोकेमिस्ट्रीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, हिस्टॉलॉजी, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, इम्युनॉलॉजी, एम्ब्रियॉलॉजी आणि न्यूरोसायन्स. मैत्रिणी म्हणतात, जेवढे अवघड विषय तेवढं अर्जाला वजन. ॲडव्हायजरने पंधरा मिनिटांत ‘रिक्वायरमेंट्स बघ’ एवढंच सांगितलं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात मला बी-मायनस मिळाला, तेव्हापासून भीतीच बसली आहे. दुसरा भाग आत्ता चालू आहे, फिजिक्स अजून पूर्ण बाकी आहे. माझी आत्या नाशिकला डेंटिस्ट आहे. ती म्हणते, ‘निवडायचं काय त्यात? आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.’ आणखी एक गोष्ट. आमच्या कॉलेजात मातीकामाचा कोर्स आहे, तो मला मनापासून घ्यायचा आहे. आई म्हणते, असल्या गोष्टीत क्रेडिट घालवू नकोस. यादीतलं काय ठेवू आणि काय सोडू?

— एक वाचक, एडिसन

प्रिय मैत्रिणी,

आधी आत्याचं बोलणं. ती खोटं सांगत नाही. मीही बीडीएस महाराष्ट्रातच केलं, त्यामुळे तिला काय म्हणायचं आहे ते मला नेमकं कळतं. आपल्याकडे बारावी झाली, नीटची परीक्षा दिली, यादीत नंबर लागला की थेट दंतमहाविद्यालयात जायचं. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि दातांची रचना, दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी. सगळं आधीच ठरलेलं, त्यात आपल्याला बोट घालायला जागा नाही. अमेरिकेत याच पायऱ्यांतल्या काही पायऱ्या डेंटल स्कूलच्या आधीच्या चार वर्षांत आणून ठेवल्या आहेत आणि त्यातल्या कुठल्या चढायच्या हे तुझ्यावर सोडलं आहे. आत्याला जे आयतं ताटात वाढून मिळालं, ते तुला स्वतः वाढून घ्यायचं आहे. म्हणून तुझा गोंधळ अगदी रास्त आहे.

मी इकडे आल्यावर परदेशातून शिकून आलेल्या डेंटिस्टांसाठी असतो तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा केला. त्यात काही तास इथल्या मुलांच्या सोबत बसावं लागायचं. त्यामुळे दोन्हीकडची पहिली वर्षं मी जवळून पाहिली आहेत, आणि तुला जे सांगणार आहे ते त्याच अनुभवातून: अर्ज वाचणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, निवडू नकोस. डेंटल स्कूलच्या पहिल्या वर्षी तू रात्री अकराला पुस्तक उघडून बसशील, तेव्हा कुठले शब्द तुझ्या ओळखीचे असायला हवेत, हा विचार करून निवड. तसं निवडलंस तर अकरापैकी फार तर चार-पाच विषय उरतील, आणि तेही एका वर्षात कोंबायची गरज नाही.

मी बीडीएसला गेले ती तालुक्याच्या मराठी शाळेतून. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेली. पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती ओळखण्याच्या विषयाची, स्पॉटिंगची परीक्षा आठवते. ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले, घंटा वाजली की पुढच्याकडे सरकायचं. मी डोळा लावला की दिसायचा नुसता गुलाबी-जांभळा पसारा. शेजारची मुलगी भराभर लिहीत होती आणि मला लाळेची ग्रंथी कुठली न् स्वादुपिंड कुठलं तेही सांगता येत नव्हतं. त्या परीक्षेत मी नापास झाले. बुद्धी कमी होती म्हणून नाही. ती सगळी भाषाच मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि भाषा कानात मुरायला वेळ लागतो. इथे डेंटल स्कूलमध्ये पुन्हा तेच पाहिलं. ज्यांनी आधी कॉलेजात हिस्टॉलॉजी केली होती, ती मुलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) आणि डेंटिनच्या (त्याखालच्या थराच्या) स्लाइड शांतपणे बघत होती. ज्यांनी केली नव्हती, त्यांच्यातली हुशार मुलंसुद्धा पहिले दोन महिने गांगरलेली होती.

आता तुझी यादी.

बायोकेमिस्ट्रीचा पहिला भाग घेच, त्यावर चर्चाच नको. बऱ्याच डेंटल स्कूलमध्ये तो आता सक्तीचा आहे, आणि जिथे नाही तिथेही तो केलेला असला तर बरं मानतात. पण मी सांगते ते सक्तीमुळे नाही. दात किडतो कसा, हीच मुळात बायोकेमिस्ट्री आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जिवाणू साखर खातो आणि लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकतो. दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं हायड्रॉक्सीॲपेटाइट हे खनिज विरघळायला लागतं. लाळ हळूहळू ते ॲसिड निवळवते, कॅल्शियम आणि फॉस्फेट परत आणून देते. फ्लोराइड मिळालं तर फ्लोरॲपेटाइट तयार होतं आणि ते साधारण ४.५पर्यंत तग धरतं. दर वेळी काही गोड तोंडात टाकलं की पीएच घसरतो आणि वर यायला अर्धा-पाऊण तास घेतो. म्हणून एकदाच दोन लाडू खाणाऱ्यापेक्षा दिवसभर थोडी थोडी चिक्की चघळणाऱ्याचे दात जास्त किडतात. हे पेशंटला समजावता येणं हे आमचं रोजचं काम आहे, आणि ते समजावायला आधी आपल्याला आतून कळलेलं लागतं. बायोकेमिस्ट्रीचा दुसरा भाग मात्र सोडून दे. मेटाबॉलिझमच्या खोलात शिरणारा तो भाग डेंटल स्कूलमध्ये लागेल तेवढा तिथे शिकवतीलच.

ऑरगॅनिकची भीती बसली आहे म्हणतेस. बी-मायनस हा काही कलंक नाही. तो विषय पुन्हा घ्यायच्या फंदात पडू नकोस. डेंटल स्कूलचे अर्ज ज्या एकत्रित सेवेतून जातात, त्या एडसॅसमध्ये विषय दोनदा केला तर दोन्ही ग्रेड हिशोबात धरतात, जुना पुसला जात नाही. त्यापेक्षा दुसऱ्या भागात बी-प्लस किंवा ए आण. चढती कमान अर्ज वाचणाऱ्याला आपोआप दिसते. आणि रसायनशास्त्र आपल्या कामात कुठे येतं, असं कधी मनात आलं तर ही एक गोष्ट लक्षात ठेव.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षातली. एक काका आले, वरची दाढ सडून गाल सुजलेला, दोन रात्री झोप नाही. मी दाताशेजारी भुलेचं, लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, थांबले, दात हलकासा ठोकून पाहिला. त्यांनी खुर्चीचा हात असा घट्ट धरला की बोटांची पेरं पांढरी झाली. आणखी दिलं, पुन्हा तेच. घाबरून मी माझ्या सीनियरांकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘पीकेए किती?’ आणि मला जनरल केमिस्ट्रीचा तास आठवला. लिडोकेन हा सौम्य बेस आहे, त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा, आठच्या जरा खाली. नसेच्या आवरणातून आत शिरतो तो फक्त त्याचा विद्युतभार नसलेला भाग. निरोगी ऊतीत, ७.४ पीएचला, तो भाग सुमारे पाव असतो. पू झालेल्या जागी पीएच साडेसहाच्या आसपास उतरला तर शंभरातले चार-पाचच उरतात. औषध आत जातच नव्हतं. मी कितीही सुया टोचल्या असत्या तरी फरक पडला नसता. मग सुजेपासून दूर, जिथे नस चांगल्या मांसातून जाते तिथे भूल दिली, आणि काकांचा हात खुर्चीवरून सैल झाला. तो हात मी अजून विसरलेले नाही. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीतलं ॲसिड-बेसचं समीकरण त्या दिवशी माझ्या समोर खुर्चीत बसलं होतं. तुझी जनरल केमिस्ट्री झाली आहे, ती परीक्षेपुरती ठेवू नकोस.

आपण दातात भरतो ते पांढरं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, त्यातलं घट्ट होणारं रेझिनही ऑरगॅनिकच आहे. निळा प्रकाश टाकला की फ्री रॅडिकल तयार होतात, साखळ्या जुळतात, मऊ लगदा दगडासारखा घट्ट होतो, आणि घट्ट होताना थोडा आकसतो. तो आकसतो म्हणूनच आम्ही पातळ पातळ थर देतो. आत्ता दुसऱ्या भागात पॉलिमरचा धडा येईल तेव्हा हे आठव.

आता ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, हिस्टॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी. हे चारही उपयोगाचे, पण सारखे नाहीत. मायक्रोबायोलॉजी लॅबसकट घे. काही डेंटल स्कूल ती मागतात, आणि हिरड्यांचा आजार, रूट कॅनल, निर्जंतुकीकरण, सगळ्यांच्या मुळाशी ती आहे. लॅबमध्ये प्लेटवर वसाहती वाढलेल्या पाहिल्या, ग्रॅमचा रंग देऊन जांभळे आणि गुलाबी वेगळे केले, की ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, चक्र अर्धवट थांबवून कुणी ‘चालेल’ म्हटलं तर तुझ्या अंगावर काटा येईल. यायलाच हवा. हिस्टॉलॉजी तुमच्या कॉलेजात असेल तर नक्की घे, कारण फार कमी मुलं ती घेतात आणि पहिल्या वर्षात तिचाच उपयोग सगळ्यांत आधी होतो. माझ्या नापास झालेल्या परीक्षेमुळे मी असं म्हणते असं तुला वाटेल, आणि ते खरंही आहे.

ॲनाटॉमीच्या बाबतीत जरा चौकशी कर. प्रेतावर विच्छेदन असेल तर तो अनुभव मोलाचा आहे. नुसतं पॉवरपॉइंटवर स्नायूंची नावं पाठ करणं असेल तर त्यापेक्षा फिजिऑलॉजी बरी. डेंटल स्कूलमध्ये ॲनाटॉमी पुन्हा होतेच, आणि डोकं व मान हा भाग तर इतक्या बारकाईने होतो की कॉलेजातलं त्यापुढे काहीच वाटत नाही. फिजिऑलॉजी मात्र एकदा नीट समजली की समजली. रक्तदाब, साखर, रक्त गोठणं. तुझ्याकडे येणारे पुष्कळ पेशंट मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्या घेणारे असतील. त्यांना भूल किती द्यायची, दात काढल्यावर रक्त थांबेल का, हे सगळं फिजिऑलॉजीच्या पायावर उभं आहे. तुमच्याकडे ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकत्र, दोन सेमिस्टरचा जोडकोर्स म्हणून असेल, तर तो मेजरच्या क्रेडिटमध्ये धरतात का ते आधी बघ. पुष्कळ ठिकाणी तो नर्सिंगच्या मुलांसाठी असतो आणि बायोलॉजी मेजरला चालत नाही.

जेनेटिक्स आणि सेल बायोलॉजी यांपैकी बहुतेक एक तरी तुझ्या मेजरला लागतच असेल, तेवढंच कर. इम्युनॉलॉजी चांगली आहे, पण मायक्रोबायोलॉजी झाल्यावर, आणि तीही मन असेल तर. एम्ब्रियॉलॉजी आणि न्यूरोसायन्स काढून टाक. चेहरा गर्भात कसा जुळतो, फाटलेला टाळू का राहतो, ट्रायजेमिनल नस कुठून कुठे जाते, हे तिथे तुला इतकं सविस्तर शिकवतील की आधीच्या सेमिस्टरची भर फारशी जाणवणार नाही.

आता मैत्रिणींचं म्हणणं, की जेवढं अवघड तेवढं वजन. इथे मला जरा रागच येतो, कारण या सल्ल्याने मी चांगल्या मुलांचं नुकसान होताना पाहिलं आहे. एडसॅसमध्ये बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांचा जीपीए, म्हणजे क्रेडिटनुसार ग्रेडची चारपैकी सरासरी, वेगळा काढतात आणि डेंटल स्कूल तो वेगळा बघतात. तू कळवलंस त्यात फक्त ऑरगॅनिकचा ग्रेड आहे, बाकीचे मी अंदाजाने धरते: बायोलॉजीच्या आठ क्रेडिटना ए, जनरल केमिस्ट्रीत एक ए आणि एक बी-प्लस, ऑरगॅनिकला बी-मायनस. केमिस्ट्रीचा प्रत्येक कोर्स चार क्रेडिटचा, आणि एचे चार, बी-प्लसचे ३.३, बी-मायनसचे २.७ धरले, तर वीस क्रेडिटचे बहात्तर गुण होतात, म्हणजे ३.६. तिसऱ्या वर्षात तू विज्ञानाची सोळा क्रेडिट घेतलीस आणि त्यात ए मिळवलेस, तर छत्तीस क्रेडिटला ३.७८ होतो. तेच हौसेने चोवीस क्रेडिट घेतलीस आणि दमून सगळीकडे बी आले, तर चव्वेचाळीस क्रेडिटला ३.२७ वर येतो. यादी लांब झाली, अवघड विषय आठ क्रेडिटने वाढले, आणि आकडा अर्ध्या गुणाने खाली. ते आठ क्रेडिट अवघड होते याचं कौतुक कुणी करेलही, पण आकडा तर आधी दिसतो.

यातला दुसरा धोका लॅबचा. लॅबचं क्रेडिट एक असतं आणि वेळ जातो आठवड्याची एक अख्खी दुपार, वर रिपोर्ट लिहायला आणखी एक रात्र. म्हणून एका सेमिस्टरला लॅबचे दोनच विषय, तिसरा नको. फिजिक्स तुला दोन सेमिस्टर करायचंच आहे, ती दोन्ही सेमिस्टरची एक लॅब आधीच धरून ठेव.

माझ्या डोळ्यासमोर जे चित्र आहे ते असं. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला फिजिक्स, बायोकेमिस्ट्री आणि तुझा मातीचा कोर्स, शिवाय मेजरला लागेल ते एखादं. दुसऱ्या सेमिस्टरला फिजिक्सचा उरलेला भाग आणि मायक्रोबायोलॉजी, आणि झेपत असेल तर जेनेटिक्स. जूनमध्ये अर्ज. मग चौथ्या वर्षाला फिजिऑलॉजी आणि हिस्टॉलॉजी. हे दोन शेवटच्या वर्षाला ठेवायला मी मुद्दाम सांगते आहे. अर्जात पुढे करायचे विषय ‘नियोजित’ म्हणून दाखवता येतात, म्हणजे तू ते करणार आहेस हे कॉलेजला दिसतं. आणि मे महिन्यात संपलेला विषय ऑगस्टमध्ये डेंटल स्कूलला जाताना डोक्यात ताजा असतो. दुसऱ्या वर्षाला केलेली हिस्टॉलॉजी तिथे पोचेपर्यंत पुसट होते. फक्त एक पथ्य पाळ: ज्या कॉलेजांना अर्ज करणार त्यांच्या अटी एकेक करून वाच. एखाद्याला ॲनाटॉमी हवी असते, एखाद्याला मायक्रोबायोलॉजी, कुणी ऑनलाइन लॅब मानत नाही, कुणी शाळेतल्या एपीचं, म्हणजे शाळेतच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयाचं, क्रेडिट धरत नाही. अमेरिकेतल्या दंतशिक्षण संघटनेच्या, म्हणजे एडीईएच्या संकेतस्थळावर सगळ्या कॉलेजांची माहिती एका ठिकाणी मिळते. एक रविवार काढ, दहा कॉलेजं निवड, वहीत तक्ता कर. ॲडव्हायजरने ‘रिक्वायरमेंट्स बघ’ म्हटलं त्याचा खरा अर्थ हा तक्ता आहे, फक्त तो तुला समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. तुझ्याच राज्यात, न्यूआर्कला, रटगर्सचं डेंटल स्कूल आहे. तिथल्या अटी सगळ्यांत आधी लिहून घे, राज्यातल्या मुलांना फी कमी पडते.

डीएटीचं, म्हणजे डेंटल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचं, थोडं. विज्ञानाच्या भागात शंभर प्रश्न: चाळीस बायोलॉजीचे, तीस जनरल केमिस्ट्रीचे, तीस ऑरगॅनिकचे. नव्वद मिनिटं. फिजिक्स नाहीच. म्हणजे तुला जी गोष्ट छळते आहे, ती ऑरगॅनिक, मे महिन्यात संपेल तेव्हा सगळ्यांत ताजी असेल. म्हणून परीक्षा या उन्हाळ्याच्या शेवटी देऊन टाक, तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी. बायोलॉजीचा जो भाग अजून शिकलेला नाहीस, तो उन्हाळ्यात वाचून होतो. त्यासाठी अख्खे कोर्स घ्यायची गरज नाही. ‘डीएटीसाठी लागेल’ या कारणाने तू यादीत काही घातलं असशील तर ते बिनदिक्कत काढ. मनासारखं झालं नाही तर पुढच्या वसंतात पुन्हा देता येते. ही सोय शेवटच्या क्षणी दिलेल्या परीक्षेत राहत नाही. आकड्यांचा आणखी एक घोळ: जुन्या मुलांनी ‘मला २१ मिळाले’ असं सांगितलं तर ते एक ते तीस या जुन्या मापातलं आहे. २०२५पासून २०० ते ६०० असं नवं माप आलं आहे.

त्याच परीक्षेत आणखी एक भाग आहे, पीएटी. नव्वद प्रश्न, साठ मिनिटं. कागद घडी करून भोकं पाडली तर उलगडल्यावर कुठे दिसतील, एखादी वस्तू वरून, समोरून, बाजूने कशी दिसेल, चार कोन लहानापासून मोठ्यापर्यंत कसे लावायचे. बायोलॉजीत पैकीच्या पैकी घेणारी मुलं इथे अडतात. आणि इथूनच मी तुझ्या मातीच्या कोर्सकडे येते.

आईला माझा निरोप दे. तिला काळजी वाटते, ते बरोबरच आहे, इथली फी क्रेडिटच्या हिशोबाने भरावी लागते. पण तिला विचार, आत्याने बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरले होते का ते आठवतं का. कोरलेच असणार. आम्ही सगळ्यांनी कोरले. पांढऱ्या मेणाचा ठोकळा, एक सुरी, एक लेक्रॉन कार्व्हर आणि पट्टी. वरचा मधला पटाशीचा दात पहिला. आधी ठोकळ्यावर पेन्सिलने रेघा, मग चारी बाजूंनी थोडं थोडं तासत जायचं. एका बाजूने बरोबर दिसतो तोवर दुसऱ्या बाजूने बिघडलेला असतो. एकदा जास्त काढलं की परत लावता येत नाही. माझे पहिले सहा दात सरांनी बघितले, बोटांत फिरवले आणि न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकले. सातवा ठेवून घेतला. त्या सहा दातांत मी जे शिकले, ते म्हणजे पाहणं. वक्र कुठे सुरू होतो, हिरडीजवळ फुगवटा किती, कड सरळ आहे की किंचित उतरती. ते पाहणं शिकल्यावरच हात शिकतो.

इथल्या डेंटल स्कूलमध्येही पहिल्याच वर्षी मेणात दात घडवावे लागतात, मग पुतळ्याच्या तोंडात बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दातांवर ड्रिल चालवायचं, तेही छोट्या आरशात उलटं बघत. जिचे हात मातीशी खेळलेले आहेत, चाकावर भांडं एका बाजूला झुकायला लागलं की अंगठ्याला आधी कळतं, तिला तिथे पहिल्या दिवसापासून थोडं सोपं जातं. मुलाखतीत ‘हाताने काय करतेस’ हा प्रश्न बऱ्याचदा येतो. तेव्हा तू सांगशील ते खरं असेल, कारण तुला ते मनापासून आवडतं. विज्ञानाच्या जीपीएत तो कोर्स धरत नाहीत, एकूण जीपीएत धरतात. मन लावून केलास तर एकूण आकड्यालाही मदतच होईल. आठवड्यातली एक दुपार अशी असू दे, जिथे परीक्षा नाही, फक्त माती आणि हात आहेत. पुढच्या सात-आठ वर्षांत अशा दुपारी फार मिळणार नाहीत.

शेवटी दोन बारीक गोष्टी. ‘पास-फेल’ची मुभा तुझ्या कॉलेजात असेल, ती सक्तीच्या विज्ञान विषयांना वापरू नकोस. तिथे अक्षरातला ग्रेडच लागतो. आणि सेमिस्टरच्या मधे एखादा विषय झेपत नाहीसा वाटला, तर मुदतीच्या आत सोडून दे. प्रगतिपत्रकावर एक डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, दिसला तर कुणी दार लावून घेत नाही. तोच विषय रडत-कढत सी ग्रेडने पूर्ण केलास तर तो सी कायमचा राहतो.

आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस, म्हणजे पहिल्या दिवशी वाटतात तो कागद, एका फोल्डरमध्ये जपून ठेव, आत्तापर्यंतच्या सगळ्यांचासुद्धा. अमुक कोर्स आमच्या अटीत बसतो का, अशी शंका एखाद्या कॉलेजाला आली तर तेच मागतात, आणि दोन वर्षांनी प्राध्यापक बदललेले असतात, कागद सापडत नाही. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागाची परीक्षा झाली की ग्रेड काहीही येवो, मला कळव. आणि पहिलं भांडं चाकावर चढलं की त्याचा फोटो आईला आधी दाखव, मग मला पाठव.

— तुझी ताई